मातापित्यांस अखेरचा निरोप

जगात येणाऱ्याचे स्वागत कसे करावे, हे मनुष्यास शिकवावे लागत नाही. घरात पाळणा हलू लागला की शेजारपाजार आपोआप गोळा होतो. परंतु जगातून जाणाऱ्यास निरोप कसा द्यावा, ही गोष्ट मात्र शिकावी लागते. आणि आश्चर्य हे की, ती शिकविण्याची सोय ना घरात आहे ना शाळेत. शाळा सोडून जाणाऱ्या वर्गास आम्ही दरवर्षी समारंभपूर्वक निरोप देतो. त्यासाठी भाषणे लिहवून घेतो, हार आणवितो, छायाचित्र काढवितो. पण सृष्टिक्रम चुकला नाही तर आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास एके दिवशी जो निरोप आपल्या आईस व आपल्या वडिलांस द्यावयाचा आहे, त्याविषयी आम्ही शिक्षक अवाक्षरही काढीत नाही. असा अमंगल विषय शाळेच्या वार्षिक अंकात कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. जे टळणार नाही त्याचा विचार शांत वेळी करून ठेवणे, हेच शहाणपण होय.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. आईबापांस निरोप देणे हे अपत्याचे काम आहे. मग ते अपत्य मुलगा असो की मुलगी, जाणते असो की लहान. ते त्याने स्वतः हजर राहून, आपल्या हातांनी आणि शक्य तर आपल्या शब्दांनी करावे. बाकीच्यांनी खांदा द्यावा. अपत्याची जागा घेऊ नये आणि त्याची वाटही अडवू नये. वाचावयास ही गोष्ट सोपी दिसते. परंतु आज आपल्या सभोवार जे चालले आहे ते पाहता तीतील एकेक शब्दाविषयी भांडावे लागेल असे वाटते.

आमच्या ह्या धानाच्या मुलखात मृतांस निरोप देण्याच्या रीती अनेक आहेत. वैनगंगेच्या काठी चिता पेटतात. मुसलमान व ख्रिस्ती लोक आपल्या मृतांस भूमीच्या स्वाधीन करतात. गोंड समाजात पुरण्याची चाल पूर्वापार होती. सालेकसा तालुक्यात कचारगड येथे दरवर्षी माघी पौर्णिमेस दूरदूरच्या प्रांतांतून गोंड लोक येतात, ते आपल्या पूर्वजांचे स्थान म्हणूनच. वर्गात एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या घरच्या रीती अशा वेगळ्या असतात. तथापि जरा बारकाईने पाहिले तर सर्वांत एक गोष्ट समान आढळते. ती ही की, अखेरचे कृत्य हाताचे असते. कोणी अग्नी देतो, कोणी तोंडात पाणी घालतो, कोणी मूठभर माती टाकतो. 'मूठमाती देणे' ह्या शब्दांचा अर्थ आज व्यवहारात 'एखादी गोष्ट कायमची टाकून देणे' असा झाला आहे. पण मूळ कृतीत टाकून देण्याचा भाव मुळीच नाही. ज्या हाताने आपणांस भरविले तो हात आता हलत नाही, म्हणून आपला हात पुढे होतो, इतकाच तिचा अर्थ.

ह्या हाताचे मोल किती, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील एका प्रसंगावरून कळते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान; कुटुंबासह तीर्थे करीत व पुराणे सांगत त्यांनी आयुष्य काढले. १८७४ साली दक्षिणेत दुष्काळात अन्नान्न होऊन ते वारले आणि पाठोपाठ रमाबाईंच्या मातोश्री लक्ष्मीबाईही गेल्या. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. आईचा देह उचलावयास कोणी ब्राह्मण पुढे येईना. स्मशान तीन मैल दूर. शेवटी दोघांस दया आली. ते दोघे, रमाबाईंचे बंधू आणि चौथ्या रमाबाई, अशा चौघांनी ती तिरडी नेली. रमाबाई ठेंगण्या असल्याने तिरडी त्यांच्या खांद्यावर टेकेना, म्हणून आपल्या वाटणीचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. १८८७ साली अमेरिकेत निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या प्रस्तावनेत ही हकीकत आली आहे. रमाबाईंनी पुढे संस्कृताच्या ज्ञानाने कलकत्त्याच्या पंडितांस चकित केले, केडगावास हजारो निराधार स्त्रियांस व मुलांस आश्रय दिला, बायबलाचे भाषांतर मूळ भाषांवरून केले. परंतु त्यांच्या थोरवीचा पहिला धडा त्या तीन मैलांत त्या शिकल्या असाव्यात, असे आम्हांस वाटते. ज्या समाजाने खांदा नाकारला त्याचे वर्तन निंद्यच होय. तथापि ज्या मुलीने आपले डोके खाली घातले नाही, तर त्यावर आईस घेतले, तिच्याकडे पाहून आपण काय शिकावे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

कोणी विचारील की, मृतास काय कळते? निरोप मुलाने दिला काय किंवा भाडोत्री माणसाने दिला काय, मातीस ते सारखेच. युक्तिवाद बिनतोड दिसतो, पण माणसाचे मन त्यास मान्यता देत नाही. ह्याचा पुरावा अलीकडच्या इतिहासात दोनदा मिळाला. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेतील गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन ह्या देशांत इबोला नावाचा भयंकर साथरोग पसरला. मृतदेहास हात लावल्याने रोग पसरतो म्हणून अंत्यविधी सरकारी पथकांच्या हाती गेले. तेव्हा लोक आपले आजारी व मृत आप्त लपवू लागले आणि साथ आवरणे अधिकच कठीण झाले. अखेर त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने आपले नियम बदलून सुधारून दिले. देहास स्पर्श न करताही कुटुंबाने विधीत भाग घ्यावा, धर्मगुरूस बोलवावे, प्रार्थना व्हावी, अशी तरतूद त्यांत केली. ज्यांस केवळ रोगाशी कर्तव्य होते, अशा वैद्यांसही मान्य करावे लागले की, निरोपाचा हक्क काढून घेतल्यास माणसे ऐकत नाहीत.

दुसरा पुरावा तर आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोरचा आहे. २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांत कोरोनाच्या साथीने आपल्याकडे किती घरांतील निरोप हिरावून नेले! अंत्यविधीस वीसांहून अधिक माणसे नकोत असा नियम होता. आणि रोगाने गेलेल्यांचा देह बंद पिशवीत बांधलेला, त्याचे तोंडही नीट दिसले नाही. नियम आवश्यक होते, ह्याविषयी आमचा वाद नाही. ज्यांनी अनोळखी माणसांच्या चिता स्वतःच्या जिवावर उदार होऊन पेटविल्या, त्यांचे उपकार फिटावयाचे नाहीत. परंतु त्या दिवसांत ज्यांची आई किंवा वडील दवाखान्याच्या दारातून आत गेले ते पुन्हा दिसलेच नाहीत, अशी मुले आज आमच्या वर्गांत आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या मनात तो दरवाजा अजून उघडाच राहिला आहे. वर्षे लोटली तरी 'शेवटी चेहरा पाहिला असता तर' हे त्यांच्या तोंडी येते. ज्या गोष्टीची उणीव इतकी वर्षे टोचते, ती गोष्ट निरर्थक होती असे कोण म्हणेल?

साथीत नाइलाज होता. परंतु साथ नसताना आपण स्वतःच मुलांपासून हा निरोप हिरावून घेतो, त्याचे काय? घरात मृत्यू झाला की लहान मुलास ताबडतोब मावशीकडे किंवा शेजारी धाडावयाचे, 'माय गावाला गेली' असे सांगावयाचे, आणि ते परत येईपर्यंत सारे उरकून टाकावयाचे, ही रीत सर्व समाजांत दिसते. हेतू प्रेमाचाच असतो. मूल घाबरेल अशी भीती असते. आम्ही इतकी वर्षे मुलांत वावरत आहोत. आमचा अनुभव असा की, मूल सत्याने रडते, पण लपवालपवीने घाबरते. गावाला गेलेली माय परत का येत नाही, हा प्रश्न ते कोणास विचारू शकत नाही, म्हणून मनातल्या मनात त्याचे उत्तर शोधते. आणि बहुधा 'आपलेच काही चुकले' असे उत्तर त्यास सापडते. त्यापेक्षा एखाद्या विश्वासाच्या माणसाने त्याचा हात धरून त्यास जवळ न्यावे, माय आता श्वास घेत नाही, तिला काही दुखत नाही, ती परत येणार नाही, हे साध्या शब्दांत सांगावे, आणि त्याच्या हातून एक फूल वाहवावे. मुलास यावयाचे नसेल तर ओढून नेऊ नये. पण विचारावे अवश्य.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. लहान मुलास लहान म्हणून मागे ठेवतात; मुलगी चाळीस वर्षांची झाली तरी तिला दारातूनच परतवितात. वडिलांच्या आजारात रात्री जागविल्या मुलीने, पथ्यपाणी केले मुलीने, पण तिरडी उचलली की तिने उंबरठ्याशी थांबावयाचे आणि ज्या चुलतभावाने वर्षभर तोंड दाखविले नाही त्याने मडके धरावयाचे! महाराष्ट्रात १९९४ साली वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध वाटा कायद्याने मिळाला. २००५ साली तो साऱ्या देशात लागू झाला. सात-बाराच्या उताऱ्यावर तिचे नाव चढू शकते, परंतु पित्याच्या तिरडीस तिचा हात लागू शकत नाही, हे कोडे आम्हांस उलगडत नाही. बदल होतच नाही असे मात्र नव्हे. जून २०१४ मध्ये केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे अपघाताने वारले, तेव्हा परळी येथे लाखो लोकांसमक्ष त्यांच्या कन्या पंकजा ह्यांनी त्यांस अग्नी दिला. डिसेंबर २०२१ मध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत व त्यांच्या पत्नी हेलिकॉप्टर कोसळून गेल्यावर त्यांस दोघी मुलींनीच अग्नी दिला. आकाश कोसळले नाही. थोरांच्या घरी जे शोभले ते आमगाव-तिरोड्याच्या शेतकऱ्याच्या घरी अशोभनीय कसे ठरावे?

आता शब्दांविषयी. आमच्या विदर्भात मोक्षधामावर चिता पेटल्यानंतर तेथेच शोकसभा भरविण्याची चाल आहे. चाल चांगली आहे. परंतु तिचे स्वरूप पाहा. प्रतिष्ठित मंडळी एकामागून एक उठतात. 'समाजाची कधीही भरून न निघणारी हानी' झाल्याचे प्रत्येकजण सांगतो, आणि मृताचे नाव बदलले तर तेच भाषण उद्या दुसऱ्या चितेसमोर चालेल असे असते. ज्याचा बाप गेला तो मुलगा मात्र एका बाजूस मान घालून उभा, त्यास कोणी विचारीत नाही. ख्रिस्ती दफनविधीतही कित्येकदा लांबलेल्या उपदेशाखाली कुटुंबाचा शब्द दडपून जातो. आमची सूचना अशी की, पहिला शब्द अपत्याचा असावा. तो एका मिनिटाचा असला तरी पुरे. दुःखाने कंठ दाटतो, बोलवत नाही, हे खरे. म्हणून आदल्या रात्री किंवा सकाळी चार ओळी कागदावर लिहाव्यात, आणि आवाज फुटला नाही तर त्या भावाने वा मित्राने वाचाव्यात. त्या ओळींत मोठमोठी विशेषणे नकोत. बाबा रोवणीच्या दिवसांत चिखलातून येऊन आधी बैलांस चारा घालीत, मग आपण जेवत. आई सही करण्यापुरती अक्षरे आमच्याच पाटीवर शिकली. असे एक खरे वाक्य शंभर विशेषणांहून मोलाचे आहे. आणि ते आपल्या घरच्या बोलीत असावे. ज्या माणसाशी जन्मभर पोवारीत किंवा झाडीबोलीत बोललो, त्यास अखेरीस पुस्तकी भाषेत निरोप देणे म्हणजे परक्यास दिल्यासारखे होय.

ह्या बाबतीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण होते. गोंदियाहून पूर्वेस जाणाऱ्या लोहमार्गावरील राजनांदगावास ते काही काळ नोकरीनिमित्त होते. मराठी ख्रिस्ती मंडळी परभाषेतील गीतांच्या चालींवर आपले हर्षशोक गात असे, त्या मंडळीस टिळकांनी अभंग-ओवीची आपली वाणी परत दिली. आज दफनभूमीवर जी गीते म्हटली जातात त्यांतील अनेक त्यांचीच. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. आपल्या देहाचे दहन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. ख्रिस्ती मंडळीत पुरण्याची चाल असता घरच्यांनी ती इच्छा पाळली. दहन होऊन त्यांची रक्षा अहमदनगरास भूमीत ठेवण्यात आली. ह्यातून घ्यावयाचा बोध दहन की दफन हा नव्हे. टिळकांनी आपले मन आधी सांगून ठेवले होते, म्हणून मागे राहिलेल्यांस चाचपडावे लागले नाही, हा आहे. आपल्याकडे मृत्यूचे नाव घेणे अशुभ, म्हणून आईबापांस कोणी काही विचारीत नाही; आणि मग ऐन दुःखात 'त्यांस काय आवडले असते' ह्यावर चार नातलग चार तऱ्हेने भांडतात.

एक अडचण खरी आहे. गोंदिया हे रेल्वेचे मोठे जंक्शन खरे. पण आमची तरुण मुले ज्या गाड्यांनी नागपूर, पुणे, हैदराबादेस पोटासाठी जातात, त्या गाड्या त्यांस वेळेवर परत आणतीलच असे नाही. निरोप पोहोचेपर्यंत गावात तिरडी निघालेली असते. आमचे मत असे की, जेथे देह ठेवण्याची सोय आहे तेथे वाटेवर असलेल्या अपत्यासाठी एक दिवस थांबावे. 'लवकर उरका' म्हणणाऱ्या पाहुण्यांची गाडी चुकली तरी चालेल. मोबाइलच्या पडद्यावर पाहणे हे मुळीच न पाहण्यापेक्षा बरे, परंतु तेवढ्यावर भागवू नये. आणि सारे करूनही पोहोचता आले नाही, तर? साने गुरुजी शिक्षणासाठी पुण्यास असता १९१७ साली त्यांची आई कोकणात वारली. अखेरच्या घटकेस पुत्र जवळ नव्हता. सोळा वर्षांनी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. महाराष्ट्राने त्या पुस्तकात संस्कार पाहिले, आम्हांस त्यात चुकलेला निरोपही दिसतो. प्रत्येकास पुस्तक लिहिता येणार नाही. पण उशिरा आलेल्या मुलाने किंवा मुलीने एकटे स्मशानात जावे, एक रोप लावावे, तेरवीस चार शब्द बोलावे. निरोपास उशीर झाला म्हणजे तो बाद झाला असे नाही.

येथवर अपत्याचे कर्तव्य सांगितले. गावाचे कर्तव्य त्याहून लहान आहे, पण ते चुकले तर अपत्याचे सारे प्रयत्न व्यर्थ जातात. शेजारच्या छत्तीसगड राज्यात, बस्तरमधील एका खेड्यात ७ जानेवारी २०२५ रोजी एक ख्रिस्ती धर्मोपदेशक वारले. गावातच आपल्या पूर्वजांजवळ त्यांस पुरावे ही मुलाची इच्छा. गावातून विरोध झाला. पित्याचा देह शवागारात राहिला आणि पुत्र न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिला. बापास पुरण्यासाठी मुलास सर्वोच्च न्यायालयापर्यंत यावे लागते, ह्याची खंत न्यायालयानेही बोलून दाखविली. २७ जानेवारीस निकाल लागला. दोन न्यायमूर्तींचे जागेविषयी एकमत झाले नाही, परंतु देह अधिक काळ ताटकळू नये म्हणून वीस-पंचवीस किलोमीटरांवरील ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. कायद्याच्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आम्ही एवढेच म्हणतो की, वीस दिवस एखाद्या मुलास निरोपाविना उभे ठेवणे हे कोणत्याही धर्माच्या गावास शोभणारे नाही. १८७४ साली रमाबाईंच्या आईस खांदा नाकारणारे आणि आज वाट अडविणारे, ह्यांत कोणत्या धर्माचे कोण हा प्रश्न गौण आहे. तिरडी समोर आली असता बाजूस होऊन वाट द्यावी, ही रीत आमच्या खेड्यांत अजूनही अडाणी म्हटला जाणारा गुराखीसुद्धा पाळतो. रोवणी अर्धी टाकून बांधीतून वर येणारी माणसे आम्ही दरवर्षी पाहतो. ती मयताची जात विचारीत नाहीत. हीच आमच्या जिल्ह्याची खरी श्रीमंती, आणि ती राखणे तुमच्या पिढीच्या हाती आहे.

विद्यार्थी मित्रहो, हा लेख वाचून घाबरून जाऊ नका आणि आईवडिलांकडे उदास चेहऱ्याने पाहूही नका. ईश्वर त्यांस दीर्घायुष्य देवो. पण थोडे मोठे झालात म्हणजे, एखाद्या सुटीच्या संध्याकाळी, आजीआजोबांच्या आठवणी निघाल्या असता, त्यांस तीन गोष्टी विचारून ठेवा: तुम्हांस कोठे विसावावयाचे आहे, कोणास अवश्य बोलवावे, आणि कोणते गीत म्हणावे. प्रथम ते हसतील, कदाचित रागावतील, मग सांगतील. सांगताना आपल्या आईबापांस त्यांनी निरोप कसा दिला तेही सांगतील, आणि ती हकीकत तुम्ही बहुधा प्रथमच ऐकाल. ऐकलेले एका वहीत लिहून ठेवा. वेळ येईल तेव्हा तुम्हांस दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. तुमचा हात पुढे होईल, आणि काय बोलावे हेही तुम्हांस ठाऊक असेल.